जहाजाच्या तळाखाली हवेचे बुडबुडे सोडले तर खरंच इंधन वाचतं का? मग सगळीच जहाजं हे का करत नाहीत? आणि काकांच्या हर्णैच्या मासेमारी ट्रॉलरला हे बसवावं का?

वाचतं. पण बुडबुडे फुकट मिळत नाहीत, सगळी गोम तिथे आहे.

टँकरसारखं संथ, पोटाळ जहाज ढकलताना निम्म्याहून जास्त ताकद पाण्याच्या घर्षणातच जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आणि कितीतरी चिकट. तळाच्या पत्र्याला लागून हवेचा थर राहिला की पत्र्याला बसणारी ओढ कमी होते. हवा वर जायला बघते, वर सपाट तळ आडवा येतो, म्हणून ती तळाखालूनच मागे सरकत जाते. उभ्या बाजूंना उपयोग शून्य, तिथून ती सरळ निसटते.

आता खर्च. ५ मीटर ड्राफ्टला (जहाज पाण्यात जितकं बुडतं ती खोली) हवा साधारण अर्ध्या बार दाबाविरुद्ध (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका) ढकलावी लागते, १५ मीटरला दीड बार. कॉम्प्रेसरची वीज जहाजाच्याच जनरेटरची, म्हणजे पुन्हा तेल. २०१० मध्ये मित्सुबिशीने ही यंत्रणा बसवलेलं 'यामाताई' (नावात ताई असली तरी जपानी!) हे जहाज रुंद, सपाट आणि कमी ड्राफ्टचं होतं, तिथे बचत दहा टक्क्यांच्या आसपास गेली. २०१४ मध्ये 'अमालिएनबोर्ग' या टँकरवरच्या चाचण्यांत निव्वळ बचत चार टक्क्यांच्या थोडी वर निघाली. वर्षभराच्या तेलाच्या बिलात चार टक्केही लहान नसतात म्हणा.

मी मरीन इंजिनिअर. अशा एका जहाजावर आम्ही आरपीएम तेच ठेवून कॉम्प्रेसर चालू-बंद करायचो आणि प्रोपेलर फिरवणाऱ्या शाफ्टची पॉवर लिहून घ्यायचो. शांत समुद्रात फरक उघड दिसे. जहाज लोळायला लागलं की हवा एका बाजूने पळून जाई, मग कॉम्प्रेसर बंदच. एकदा मध्यरात्री हवा सी चेस्टमध्ये (समुद्राचं पाणी आत घेण्याच्या कप्प्यात) शिरली, कूलिंगच्या पंपाला पाणी खेचता येईना आणि अलार्मने सगळ्यांना उठवलं. त्यानंतर चीफ इंजिनिअर त्या स्विचकडे संशयानेच बघायचे.

तुम्ही काकांच्या हर्णैच्या ट्रॉलरबद्दलही विचारलंय. नको. त्याचा तळ निमुळता, हवा टिकणार नाही, आणि कॉम्प्रेसर ठेवणार कुठे? पावसाळ्यात बोट वर ओढतात तेव्हा तळाचं शेवाळ आणि शिंपले नीट खरवडून चांगला अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग मारायला सांगा. डिझेल त्याने वाचेल.