हात धरून चालवण्याबद्दल, आमच्या अनुभवातून

आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीला स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार, ज्यात मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठ असतात) आहे, ती वॉकर धरून चवड्यांवर चालते, आपण रोज तासभर तिचे पाय ताणता, संध्याकाळी दोन्ही हात धरून दहा फेऱ्या मारवता आणि तरीही सहा महिन्यांत फरक नाही, हे आपल्या पोस्टमध्ये वाचताना मला आमचेच घर दिसले. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. मी आई आहे, थेरपिस्ट नाही. त्यामुळे पुढचे काहीही करण्यापूर्वी मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्यांना विचारावे.

स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा साचा), गरम पाण्याचा शेक वगैरे आपल्याला ठाऊक असणारच. आमची चूक फेऱ्यांमध्ये होती. मी त्याचे हात खांद्यांच्या वर धरून चालवत असे. तसे धरले की मूल आपल्या हातांना लोंबकळते, वजन पुढे जाते, टाचा अधांतरी राहतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. मी फेऱ्या मोजत राहिले, टाच टेकते का हे पाहिले नाही.

आम्ही ज्या केंद्रात जात होतो तिथे व्यायामाच्या चित्रांचा एक झेरॉक्स कागद मिळाला होता आणि प्रत्येक मुलाला तोच मिळत असे. दोन वर्षांत तिथे कोणीही त्याला दहा पावले चालायला लावून बाजूने पाहिले नाही. विचारले की "सुधारणा आहे, चालू ठेवा," एवढेच उत्तर. खुब्याच्या एक्स-रेचा विषयही कधी निघाला नाही. पाचव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी तो काढायला लावला, तेव्हा उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून अर्धवट सरकलेला होता आणि शस्त्रक्रिया टळली नाही. फेऱ्यांमुळे खुबा सरकला असे मी म्हणत नाही. पण सुरुवातीला हे दुखत नाही, बाहेरून कळतही नाही, आणि ज्यांना हे माहीत असायला हवे होते त्यांनी आमची दोन वर्षे घालवली, याचा राग अजून गेलेला नाही.

नंतरच्या थेरपिस्टनी बसून उठण्याचा व्यायाम दिला. गुडघे काटकोनात येतील आणि पावले सपाट टेकतील एवढ्या उंचीचे स्टूल घ्यायचे. आमचे थोडे उंच होते, म्हणून पायांखाली पाट ठेवला आणि त्यावर खडूने दोन पावले आखली. टाच उचलली गेली तर ते उठणे मोजायचे नाही. पहिल्या आठवड्यात दहांपैकी दोनच मोजता आली. एका वेळी सहा ते दहा, मध्ये विश्रांती घेऊन तीनदा, तेही एक दिवसाआड; सहज जमू लागल्यावर दप्तरात अर्धा किलो तांदळाची पिशवी. पुढे घराच्या पायरीवर एकेक पाय चढवणे आले. तीन महिन्यांनी तो मोरीपर्यंत भिंतीला एकच हात लावून जाऊ लागला.

माझे मत विचाराल तर ताणण्याचा तास वीस मिनिटांवर आणावा, कारण या मुलांचे स्नायू ताठ असतात तसेच अशक्तही असतात आणि निजवून ताणल्याने ताकद येत नाही. सर्वच मुलांना हे लागू होईल असे नाही. नुकतीच शस्त्रक्रिया किंवा ताठ स्नायू सैल करणारे इंजेक्शन झाले असेल तर गणित वेगळे असते. स्प्लिंट काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल वळ राहत असेल, तर ते दाखवून यावे.

आपल्या पोस्टमध्ये एक्स-रेचा उल्लेख नाही. तो झालेला नसेल, तर स्टूल शोधण्याआधी ते काम करावे.