यॉम किप्पूर 'साजरा करतात' की 'पाळतात'?

प्रश्न असा आलाय की ज्यूंच्या यॉम किप्पूरला मराठीत काय म्हणायचं, 'प्रायश्चित्त दिन' चालेल का, आणि तो 'साजरा करतात' असं लिहिलं तर चुकतं का.

क्रियापदाचं आधी उरकते. 'पाळतात'च लिहा. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची १० तारीख, आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की सुरू आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २५ तास अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, चामड्याची चप्पलसुद्धा घालायची नाही. यात साजरं काय करणार? पेपरवाले काय, दिसेल त्या दिवसाला 'साजरा' चिकटवतात. त्यात २०२५ ला दसरा आणि हा दिवस दोन्ही २ ऑक्टोबरलाच आले, मग तर विचारूच नका.

'प्रायश्चित्ताचा दिवस' बरोबरच आहे, मराठी बायबलात तसंच आहे. पण तो छापील शब्द झाला. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे ज्यू आहेत की, बेने इस्राएल, अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात ज्यांना 'शनवार तेली' म्हणायचे ते. त्यांचा शब्द 'दारफळणीचा सण' (कोणी 'दरफळणी' म्हणतं). दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालून दिवसभर घरातच राहायचं, बाहेरच्यांशी बोलणंही टाळायचं. त्यांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ चं, त्यालाही ते 'मशीद'च म्हणायचे, त्याआधी कोकणात जाणार कुठे, जे काय ते घरातच. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव 'नेइला', म्हणजे दारं मिटण्याची वेळ, पण तेवढ्यावरून दारफळणी तिथूनच आलं असं मी काही म्हणणार नाही. दुसरा दिवस 'शिळा सण', तेव्हा गोरगरिबांना दान, भेटीगाठी, आणि घरी येऊन गेलेले पितर त्या दिवशी परत जातात अशी जुनी समजूत. हे वाचून पितृपक्ष आठवला नाही तरच नवल.

राहिला 'उपवास'. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाणा भिजत पडलेलाच असतो. बेने इस्राएल यासाठी 'रोजा' म्हणत, शेजारच्या मुसलमानांचा शब्द, पण ते लिहिलंत तर वाचणाऱ्याला पहाट ते सूर्यास्त एवढाच वाटेल. सरळ 'निर्जळी उपवास' लिहा, म्हणजे वरीचे तांदूळ चालतात का असं कोणी विचारायचं नाही.