सव्वापाच फूट उंची: बॅट हॅरो, सहा नंबर की शॉर्ट हँडल?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची 5 फूट 3 इंच, वय तिशीच्या आसपास, दर रविवारी ऑफिसच्या टीमकडून सीझन बॉलनं खेळता. नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, मोठ्या माणसानं शॉर्ट हँडल, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या मापाची बॅटच घ्यावी. टीममधले म्हणतात, सहा नंबर घेतली तर पोरांची बॅट दिसेल. आणि सध्याच्या बॅटचं हँडल स्टान्स घेतला की पोटात लागतं. या सगळ्यात शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दुकानदाराचं आणि टीमचं बाजूला ठेवा, पोटात लागणाऱ्या हँडलचं ऐका.

माझं मत आधी सांगून टाकतो. तुमच्यासाठी पहिली पसंती हॅरो, म्हणजे सहा नंबर आणि शॉर्ट हँडल यांच्या मधल्या मापाची बॅट. हॅरोमध्ये चांगलं लाकूड मिळालं नाही, तर हलकी शॉर्ट हँडल घ्यायची आणि तिचं हँडल वरून अर्धा ते पाऊण इंच कापून घ्यायचं. सहा नंबर तुमच्या उंचीला मी सुचवणार नाही. कारण लाजेचं नाही, लाकडाचं आणि हँडलच्या जाडीचं आहे.

कंपन्यांचे तक्ते पाहिले तर 5 फूट 3 इंचाला बरेच जण सहा नंबर सांगतात, त्याहून थोडे उंच असाल तर हॅरो, आणि आणखी उंच असाल तर शॉर्ट हँडल. तक्ता खोटा नाही, पण तो वाढत्या वयाच्या मुलांसाठी बनवलेला आहे. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं 5 फूट 3 इंच असतं तेव्हा त्याचे पंजे लहान असतात, मनगट बारीक असतं, खांद्यात ताकद भरायची असते. तिशीतल्या माणसाचा पंजा भरलेला असतो आणि समोरचा बॉलरही पूर्ण वाढलेला असतो. म्हणून तक्त्यातून लांबीचा अंदाज घ्यावा, बाकी काही घेऊ नये.

नियमाचा प्रश्न कोणी काढलाच तर उत्तर सरळ आहे. क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबच्या नियमांतला पाचवा नियम बॅटचा. त्यात फक्त कमाल मापं आहेत: एकूण लांबी 38 इंच, रुंदी सव्वाचार इंच, आणि ऑक्टोबर 2017 पासून कडेची जाडी 40 मिलिमीटर, सर्वांत जाड जागी 67 मिलिमीटर. किमान माप नाही. मोठ्या माणसानं हॅरोनं खेळलं तर कोणताही अंपायर अडवू शकत नाही.

आता मोजायचं कसं. दुकानात जाताना खेळायचे बूट आणि पॅड सोबत न्या. संकोच करू नका, घालून बघा. नेहमीसारखा स्टान्स घ्या, गुडघे जरासे वाकलेले, बॅटचा टो (पात्याचं खालचं टोक) मागच्या पायाच्या करंगळीजवळ टेकलेला. अशा वेळी वरच्या हाताची मूठ पुढच्या मांडीच्या आतल्या बाजूला सहज टेकली पाहिजे आणि हँडलचं टोक जांघेच्या थोडं खालीच राहिलं पाहिजे. टोक थायपॅडच्या वर येऊन पोटाकडे वळत असेल, तर बॅट लांब. मूठ मांडीच्या मधोमध उतरत असेल आणि तुम्हाला कमरेतून वाकावं लागत असेल, तर आखूड. ताठ उभं राहून बॅट पायाशेजारी धरली तर हँडलचं टोक साधारण मांडीच्या वरच्या सांध्याशी यावं. 160 सेंटीमीटर उंचीच्या बऱ्याच माणसांत हे अंतर 84-85 सेंटीमीटरच्या आसपास येतं, म्हणजे साधारण 33 ते साडेतेहतीस इंच. हॅरो जवळपास तिथेच बसते.

पण दोन माणसं सारख्या उंचीची असून एकाचे हात लांब आणि दुसऱ्याचे आखूड असू शकतात. लांब हातवाल्याची मूठ खाली येते, त्याला अर्धा इंच कमी बॅट चालते. म्हणून नुसती उंची सांगून बॅट मागवू नका. आणि इंचटेप खिशात असू द्या. सहा नंबर साधारण पावणेतेहतीस इंचांच्या आसपास, शॉर्ट हँडल साडेतेहतीस ते चौतीस इंच, हॅरो दोघींच्या मधे. पण एका कंपनीची हॅरो दुसऱ्या कंपनीच्या शॉर्ट हँडलच्या अगदी जवळ जाते. स्टिकरवरच्या नावापेक्षा टेपवरचा आकडा खरा.

लांब बॅटनं नेमकं काय बिघडतं, ते नीट समजून घ्या, कारण बरेच बुटके खेळाडू आपल्या तंत्राला दोष देत राहतात आणि दोष बॅटचा असतो. हँडल पोटात लागू नये म्हणून माणूस नकळत हात शरीरापासून पुढे ढकलतो. हात पुढे गेले की बॅटचं तोंड गलीच्या दिशेला उघडतं, बॅकलिफ्ट पहिल्या स्लिपच्याही बाहेर जाते आणि बॅट खाली येताना तिरकी येते. ऑफ स्टंपबाहेरच्या बॉलवर कसंबसं निभतं. खरी अडचण पायावर येणाऱ्या बॉलला. हँडल फिरायला जागाच नसते, म्हणून फ्लिक उशिरा होतो, ऑन ड्राइव्ह खेळताना वरचं कोपर उंच होत नाही, आणि यॉर्करला बॅट खाली येता येता बॉल बुटावर आदळलेला असतो. तुम्ही लिहिलंय की तुम्ही लेग स्टंपवरच्या बॉलला वारंवार एलबीडब्ल्यू होता. मला त्यात पायांपेक्षा बॅटचाच हात जास्त दिसतो.

दुसरं, जड वाटण्याचं. बॅट फिरवायला किती जोर लागतो हे नुसत्या वजनावर ठरत नाही. लाकूड हातापासून किती लांब आहे, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तो जोर वाढतो. म्हणून 1150 ग्रॅमच्याच दोन बॅटा असतात, एक हातात तरंगते आणि दुसरी टोकाला ओढते. आपल्याकडे याला पिकअप म्हणतात, आणि बुटक्या खेळाडूनं वजनकाट्याआधी पिकअप बघावा. बॅट नुसत्या वरच्या हातात धरा, हात खांद्याच्या रेषेत पुढे पसरा. टोक लगेच खाली झुकायला लागलं तर ती बॅट परत ठेवा, लाकडावरच्या रेषा, म्हणजे ग्रेन्स, कितीही सुंदर असू द्या.

मग आखूडच घ्यावी का? नाही. फार आखूड बॅटचं नुकसान वेगळं आहे आणि ते लवकर लक्षात येत नाही. कमरेतून वाकलं की डोकं ऑफ साइडला पडतं. डोकं पडलं की मधल्या स्टंपवरचा बॉल लेगला चाललाय असं वाटतं, माणूस आडवी बॅट घालतो आणि चुकतो. शिवाय फुल लेंथचा बॉल ड्राइव्ह करताना पोहोच अपुरी पडते. तासभर उभं राहिलं तर कंबर धरते ते वेगळंच.

आता हॅरो आणि कापलेली शॉर्ट हँडल यांत कशी निवड करायची ते सांगतो. हॅरोचं पातं शॉर्ट हँडलपेक्षा थोडं आखूड असतं, हँडल थोडं बारीक असतं. पंजा लहान असेल तर हे उत्तम. पंजा मोठा असेल तर दोन ग्रिप चढवा, हँडल भरतं आणि मुठीच्या बाजूला थोडं वजन आल्यानं पिकअपही हलका वाटतो. अडचण एवढीच की बऱ्याच कंपन्या आपलं सर्वांत चांगलं इंग्लिश विलो (बॅटचं लाकूड) शॉर्ट हँडलसाठी राखतात, आणि आपल्या दुकानांत हॅरो मोजक्याच असतात. दुकानदाराला मेरठहून मागवून द्यायला सांगा. एसजी, एसएस, बीडीएम यांच्यासारख्या मेरठच्या कंपन्यांच्या गाठीभेटी आपल्या दुकानदारांना नव्या नाहीत, थोडे दिवस थांबायची तयारी ठेवली तर मिळते. सहा नंबरमध्ये हीच अडचण आणखी वाढते: पातं अरुंद, कडा बारीक, हँडल आखूड. दोन ग्लोव्ह घातलेले मोठे पंजे त्या हँडलवर दाटीवाटीनं बसतात. 5 फुटांच्या आतबाहेरच्या खेळाडूला, विशेषतः लहान पंजाच्या मुलींना, ती बरोबर बसते. महिला क्रिकेटचा बॉलही 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांच्या 156 ते 163 ग्रॅमच्या बॉलपेक्षा हलका असतो, त्यामुळे तिथे हलकं पातं पुरतं.

शॉर्ट हँडल कापण्याचा मार्ग ऐकायला भयंकर वाटतो, पण बॅट दुरुस्त करणाऱ्यासाठी ते रोजचं काम आहे. ग्रिप काढायची, वरचा दोरा जपून सोडवायचा, वेताचं हँडल बारीक दातांच्या करवतीनं कापायचं, कड गोल घासायची, पुन्हा दोरा गुंडाळून गोंद लावायचा आणि कोनवरून (शंकूसारख्या साधनावरून) ग्रिप चढवायची. हे घरी करू नका. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबराचे थर असतात, करवत चुकली तर पट्ट्या सुटतात. पाऊण इंचाच्या पुढे कापू नका, नाहीतर दोन्ही मुठींना जागा उरत नाही. कापण्याआधी आठवडाभर नेट्समध्ये ग्रिपवर अर्धा इंच खाली टेप लावून त्याच्या खालीच हात ठेवून खेळा. बरं वाटलं तरच कापा. आणि विकणाऱ्याला आधी विचारा, कारण हँडल कापल्यावर बदलून मिळण्याची गोष्ट बहुतेक संपते. फायदा असा की पूर्ण रुंदीचं पातं, चांगलं लाकूड आणि तुमच्या मापाची लांबी, तिन्ही मिळतं.

वजनाबद्दल बोललो की कोणीतरी सचिन तेंडुलकरचं नाव काढतोच: तोही 5 फूट 5 इंचच होता, तीन पौंडांच्या वरची बॅट वापरायचा, मग आपण का नाही? खरं आहे, वापरायचा. पण तो हँडल अगदी खाली धरायचा. लहानपणी मोठ्या भावाची मोठी बॅट हातात आल्यानं ती सवय लागली होती. म्हणजे हातापासून टोपर्यंतचं अंतर त्यानंही कमीच केलं होतं, आणि जड पातं पेलणारी मनगटं त्यानं लहानपणापासून कमावली होती. रविवारी एकदा खेळणाऱ्याला ते झेपणार नाही. दुसरीकडे 5 फूट 7 इंचांचे ब्रॅडमन जेमतेम एक किलोच्या बॅटनं खेळले. तुम्ही हॅरो 1080 ते 1130 ग्रॅममध्ये बघा, शॉर्ट हँडल असेल तर 1130 ते 1170. वजन ग्रिपसकट करा, कारण ग्रिपचेच पन्नासेक ग्रॅम होतात आणि सांगितलेला आकडा कधी ग्रिपशिवायचा असतो.

पातं कुठे फुगीर हवं, हे तुम्ही कुठे खेळता त्यावर. मॅटिंगवर खेळत असाल तर बॉल उसळतो, आणि बुटक्या माणसाच्या अंगावर तो अजून वर येतो. तिथे स्वेल, म्हणजे हा फुगीर भाग, मधे असलेली बॅट घ्या. टर्फवर बॉल खाली राहत असेल तर थोडी खाली चालेल, पण अगदी टोजवळ नको, पिकअप जातो. उसळत्या बॉलला घाबरू नका. जो बॉल उंच माणसाच्या कमरेवर येतो तो तुमच्या छातीजवळ येतो, म्हणजे पुल आणि कट तुम्हाला जास्त मिळतात. गावस्कर, विश्वनाथ, आणि आजचा बावुमा, ज्याच्या नेतृत्वात दक्षिण आफ्रिकेनं जून 2025 मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपद जिंकलं, सगळे याच उंचीच्या आसपासचे. हलकी, आटोपशीर बॅट हातात असली की हे फटके वेळेत होतात.

टेनिस बॉलच्या रात्रीच्या टूर्नामेंटसाठी ही बॅट वापरू नका. तिथल्या बॅटांचं गणित वेगळं आहे.

बॅट बदलून पॅड तेच ठेवले तर अर्धा फायदा वाया जाईल, म्हणून हेही सांगतो. तुमच्या उंचीला मेन्स साइजचा पॅड मोठा होतो. गुडघ्याचा रोल गुडघ्याच्या वर चढतो, पॅडचा वरचा भाग मांडीवर इतका येतो की वरचा हात त्याला घासतो आणि पळताना पाय फाकवून टाकावे लागतात. यूथ साइजचा पॅड घालून बघा, रोल बरोबर गुडघ्याच्या वाटीवर यायला हवा. ग्लोव्हही तसेच. बोटांच्या टोकाला रिकामी जागा राहिली तर पकड ढिली होते आणि माणूस हँडल आवळतो. मेन्स स्मॉल नाहीतर यूथ, जे बोटांना भिडेल ते.

शेवटचं आपल्या उन्हाचं. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. 45 अंशांच्या उन्हात बंद डिकीत विलो इतकं सुकतं की टोजवळ चिरा पडतात. हलकी बॅट घेणाऱ्यानं हे जास्त सांभाळावं, कारण तिच्यात आधीच ओलावा कमी असतो. बॅटला वरून फिल्म लावलेली नसेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. जवस आपल्याकडचंच पीक आहे, घाण्याचं तेल सहज मिळतं. रंगकामाचं उकळलेलं तेल नको. तेल पात्याला आणि कडांना लावा, हँडलच्या सांध्यात जाऊ देऊ नका. मग जुन्या बॉलनं किंवा लाकडी हातोडीनं हलक्या हातानं सुरू करून नवं पातं चार-पाच तास तरी ठोका, कडा आणि टो जास्त. त्याआधी नव्या बॉलसमोर बॅट काढू नका.