घरातल्या सगळ्यांसाठी पुस्तकं निवडताय?
अगं, मस्त विचार आहे, पण लगेच पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात जाऊन पिशवीभर पुस्तकं उचलू नकोस. आधी पुणे नगर वाचन मंदिराची मेंबरशिप घे, 1848 पासूनची लायब्ररी आहे ती, चार पुस्तकं आणून बघ कोण कशात रमतंय ते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फक्त वय बघून पुस्तक देणं. दहा वर्षांच्या लेकाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे, फुरसुंगीचा पोरगा पुण्यात शिकायला येतो म्हटल्यावर आपली पोरं लगेच चिकटतात आणि खरं सांगते, आजोबाही तेच पळवतात. ज्यांची वाचायची सवय सुटलीये त्यांना जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नको, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दे, छोटीशी आहे, तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, सुरू केली की सुटत नाही.

- संस्कारांसाठी म्हणून पुस्तक देऊ नकोस, मुलांना लगेच कळतं.
- आजींसाठी टाइप मोठा आहे ना, उघडून बघ.
- नाही आवडलं तर अर्धवट सोडू दे, खरंच.

चरित्रं, कविता वगैरे नंतर बघू. लेक फेणेत अडकला की सांग, पुढची नावं देते.