केंद्र टाकण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. गावात दूध संकलन केंद्र टाकतोयस, फॅट मोजायचं मशीन आणि कूलर कंपनी देणार, लिटरमागे कमिशन ठरलंय, हे सगळं वाचलं. शेवटी तू लिहितोस, "आमच्याकडे चार डेअऱ्यांच्या गाड्या येतात, त्यामुळे दराची काळजी नाही." खरं तर त्या एका वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसलोय.

गाड्या मोजू नकोस. आज संध्याकाळी धार काढलेला माणूस ते दूध खरोखर किती ठिकाणी घालू शकतो, ते मोज. कांदा चाळीत ठेवता येतो. ऊस तोडणीवाचून आठवडाभर उभा राहिला तर नुकसान होतं, पण तो उभा तरी राहतो. दूध वेळेत थंड झालं नाही तर काही तासांत नासतं, आणि गाय उद्या पहाटे पुन्हा पान्हावणारच. घेणारा मात्र पावडर करून गोदामात ठेवू शकतो. एकाला थांबता येतं, दुसऱ्याला येत नाही. दर तिथेच ठरतो.

त्यात भर उचलीची. गाय घ्यायला केंद्रावरून उचल घेतलेली असते, पेंडीची पोती उधारीवर, आणि दोन्हीची कपात दहा दिवसांच्या बिलातून. ती फिटेपर्यंत दारावरून दुसऱ्या डेअरीची गाडी गेली काय नि न गेली काय. चार गाड्यांच्या गावात त्याच्यापुरती गाडी एकच. उचल देणारा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. बँक दारात उभं करत नाही तेव्हा अडीनडीला तोच असतो. पण उद्या ती उचल तू देणार आहेस, म्हणून सांगतो.

आता दरपत्रक नीट बघ. फलकावर लिहितात तो दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). संकरित गायीचं दूध उन्हाळ्यात तेवढं लागेलच असं नाही. समज, ३.२ आणि ८.२ लागलं. पॉइंट म्हणजे ०.१; तेव्हा फॅटचे तीन पॉइंट कमी, एसएनएफचे तीन कमी. पॉइंटला ३० पैसे कापले तर ३० रुपयांचे २८ रुपये २० पैसे होतात. दुसऱ्या डेअरीने एसएनएफच्या पॉइंटला मात्र एक रुपया कापला तर हातात येतात २६ रुपये १० पैसे. फलकावर दोन्हीकडे तीसच. रोज शंभर लिटर घालणाऱ्याला दिवसाला २१० रुपयांचा फरक, आणि त्यावर चावडीत कुणी बोलत नाही, कारण भांडण नेहमी फलकावरच्या आकड्याचं असतं. डेअऱ्या एकमेकींशी चढाओढ करतात ती फलकावर. कमावतात ते कपातीच्या तक्त्यात.

सरकार मध्ये पडलं की काय होतं, त्याचाही एक नमुना बघ. २०२४ च्या जुलैपासून राज्य सरकारने ठरवलं, डेअरीने ३० रुपये द्यायचे, वर अनुदान ५ रुपये. ऑक्टोबरपासून अनुदान ७ रुपये झालं. बातमी आली अनुदान वाढल्याची. पण त्याच वेळी डेअरीने द्यायचा दर ३० वरून २८ वर आला. बेरीज आधी ३५, नंतरही ३५. वाढीव दोन रुपये कुणाच्या पदरात पडले, हे तूच मांडून बघ. बाजारात पावडर-लोण्याचे भाव पडले होते हे डेअऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं; पण भाव चढतात तेव्हा ते गोठ्यापर्यंत त्याच वेगाने पोचत नाहीत.

"सगळे एकाच आठवड्यात दर पाडतात, मग स्पर्धा आयोगाकडे का जात नाहीत?" असं तू विचारलंयस. स्पर्धा कायदा २००२ चा आहे, आणि संगनमत करून दर ठरवायला त्यात बंदी आहे, दंडही आहे. पण दर एकदम पडले एवढ्याने संगनमत सिद्ध होत नाही. पावडर सगळ्यांचीच पडते, आणि एकाने पाडला की दुसऱ्याला फोनसुद्धा करावा लागत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे; चौदा दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. दुधाला तसं काही नाही. संघटना तेवढ्यासाठीच भांडतायत.

मग उपाय काय, तर शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची किंवा दुसरीकडे जाण्याची ताकद असणं. १९४६ साली खेडा जिल्ह्यात हेच झालं. तेव्हाच्या मुंबई सरकारच्या योजनेत तिथलं दूध पोल्सन या खासगी डेअरीकडूनच मुंबईला जायचं. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातलं नाही, आणि त्यातून स्वतःचा संघ उभा राहिला. पुढे तोच अमूल. आपल्याकडे कोल्हापुरात गोकुळ हा सहकारी दूध संघ दिवाळीला दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर वाढीव रक्कम, देतो, त्यामुळे तिथल्या खासगीवाल्यालाही त्या आकड्याकडे बघून दर काढावा लागतो. जिथे संघ मोडकळीला आले तिथे असा आकडाच उरला नाही. नुसती सहकाराची पाटी लावूनही भागत नाही, हे महानंद या राज्याच्या सहकारी दूध महासंघाने दाखवलंच. शेवटी २०२४ मध्ये तो एनडीडीबीकडे, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे, चालवायला द्यावा लागला.

तुझ्या केंद्राचं सांगतो. कंपनीचा कूलर घेतोस म्हणजे तूही उचल घेतलेलाच. करारात बघ, दूध दुसऱ्या कुणाला घालायला मनाई किती वर्षांची आहे, आणि सोडायचं झालं तर कूलरचे किती पैसे भरायचे. ते दोन आकडे मोठे असतील तर मशीन स्वतःचं घे, कर्ज काढून घे. मशीनची तपासणी शेतकऱ्यांसमोर कर. पावतीवर फॅट, एसएनएफ, दर आणि कपात वेगवेगळी छापून दे. नुसती रक्कम छापणाऱ्या पावतीला हात लावू नकोस. उचल दिलीस तर लेखी दे, आणि "उचल फिटेपर्यंत दूध इथेच" ही अट घालू नकोस. हप्ता घे, दूध बांधून घेऊ नकोस. यात दोन-चार गिऱ्हाईकं सोडून जातील, काहींचे पैसेही बुडतील. ते धरूनच हिशेब मांड आणि तरी परवडत असेल तरच केंद्र टाक.

सही करण्याआधी कराराची प्रत आणि कपातीचा तक्ता दोन्ही मला पाठव. तक्ता देत नसतील तर तसं कळव.

तुझा,
काका