मानसशास्त्र घ्यायचं, तर आधी कॉलेजची प्रयोगशाळा पाहून ये

बारावी कला झाली, गाव घाटंजीकडचं, बीएला मानसशास्त्र घ्यावंसं वाटतं. पण घरचे म्हणतात, ‘येड्याइचा विषय काऊन घेतं वं?’ आणि गणिताची धास्ती आहे. तुझा प्रश्न हा. बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जरूर घे. घरच्यांना सांग, आजार हा यातला एक भाग झाला. आपण विसरतो कसं, शिकतो कसं, चारचौघांत वेगळं का वागतो, हे सगळं यात येतं. 1879 मध्ये वुंट या शास्त्रज्ञांनी जर्मनीत लायप्झिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा उभा राहिला. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी अर्थहीन शब्दांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, किती काळात किती विसरलं ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. तशाच याद्या घेऊन तू मैत्रिणीला समोर बसवशील. ती ‘प्रयुक्त’, म्हणजे जिच्यावर प्रयोग होतो ती, आणि तू ‘प्रयोगकर्ती’. मनातलं ओळखणं इथे कोणी शिकवत नाही. मोजायला शिकवतात.

म्हणूनच प्रयोगशाळेवर माझा एवढा जोर आहे. काही ठिकाणी मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून प्रात्यक्षिक उरकतात. पोरं पदवी घेतात, पण एकही प्रयोग हाताने केलेला नसतो. याचा मला फार राग येतो, कारण विषयाचा जीवच तिथे आहे.

सांख्यिकीला घाबरू नको. सुरुवातीला सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते) एवढंच. दहावीचं गणित पुरतं.

पुढचं मात्र स्पष्ट ऐक. नुसत्या बीएवर समुपदेशक होता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषध लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे. ते आधी एमबीबीएस होतात.

आणि आपल्या भागात या शिक्षणाची गरज किती आहे, ते बघ. विदर्भातल्या 30 खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, ते दीड वर्षात 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कास्तकाराच्या घरात नापिकीनंतर कोण गप्प होतं, कोण चिडतं, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. पाठ्यपुस्तकांतले बरेच निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेजच्या मुलांवरून काढलेले आहेत. ते आपल्या वावरातल्या माणसाला लागू पडतात का, हे विचारायला तुझ्यासारखीच विद्यार्थिनी हवी.

प्रवेशाआधी आईला घेऊन कॉलेजात जा. विभागातल्या मॅडमना विचार: वर्षात किती प्रयोग प्रत्यक्ष होतात, उपकरणं चालू आहेत का, मानसशास्त्र मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतं की फक्त मायनर, म्हणजे दुय्यम? काय सांगतात ते इथे कळव, मग बाकीचे विषय ठरवू.