नवीन लोकांना लिनक्सकडे वळवायचं तर डेस्कटॉप विंडोजसारखा करावा का?

मांडणी विंडोजसारखी असावी, पण आपण विंडोजच आहोत असा आव आणू नये. मी नागपुरात सीताबर्डीला जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देतो, त्या अनुभवावरून सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अशी गिऱ्हाइकं वाढली. लिनक्सचे वेगवेगळे प्रकार मिळतात, त्यातल्या मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. हात आपोआप तिथेच जातो. ग्नोम हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप, तो मूळ रूपात समोर ठेवला की पहिला प्रश्न, "मिनिमाइजचं बटन कुठं गेलं जी?" पण आयकॉन-वॉलपेपरसकट हुबेहूब नक्कल केली, की माणूस सी ड्राइव्ह शोधतो, विंडोजच्या प्रोग्रामची डॉट ईएक्सई फाइल उतरवून डबल क्लिक करत बसतो आणि मशीनच बिघडली म्हणतो. तसंही बरेच जण परत जातात ते दिसण्यापायी नव्हे, सॉफ्टवेअरपायी. देवनागरी टायपिंगचा कृतिदेव फॉन्ट लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये चालून जातो. हिशेबाची टॅली मात्र लिनक्सवर थेट चालत नाही, आणि दुकानदाराला तीच लागते. हे सगळं विंडोजची सवय असलेल्यांसाठी. ज्या पोरांनी आधी फक्त मोबाइलच वापरलाय, त्यांना ग्नोमच सोपं जातं.